वाघाच्या मावशीची सोयरीक

मांजर माणसाळायला दहा हजार वर्षं लागली आणि तरी ते काम अर्धवटच राहिलं. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, कोठारात धान्य आलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आलं आणि उंदीर आहेत तोवर थांबू, असा विचार करून थांबलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे, म्हणजे ओळख जुनी. ओळखीपलीकडे मात्र प्रकरण फारसं सरकलेलं नाही. मांजराला स्वतःचं नाव कळतं, हे जपानी संशोधकांनी २०१९ साली प्रयोगाने दाखवून दिलं. हाक मारल्यावर ते येतं, असं म्हणण्याचं धाडस त्यांनीही केलं नाही. अशा या जनावरात जंगल कमी पडतंय, वरून थोडं घालावं, असं कुणाला वाटेल यावर एरवी विश्वास बसला नसता. पण गेली साठ वर्षं अमेरिकेत हा उद्योग रीतसर चालू आहे, आणि रानमांजराच्या पोटच्या पिल्लासाठी वीस हजार डॉलरपर्यंत मोजणारी माणसं आहेत. माझं म्हणणं इतकंच, की हा व्यवहार उफराटा आहे. इथे जनावर घरात राहायला जितकं नालायक, तितका त्याचा भाव चढा. आणि ते घरात राहण्याजोगं झालं, की त्यातलं जंगल संपलेलं असतं.

उदाहरण सव्हाना जातीचं घेऊ, कारण या क्षेत्रातली ती खानदानी मंडळी. ७ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियात ज्युडी फ्रँक या बाईंच्या घरी सर्व्हल नावाचं आफ्रिकी रानमांजर आणि एक सयामी मांजर यांच्या सोयरिकीतून एक मुलगी जन्माला आली. तिचं नाव सव्हाना. तेच पुढे कुळाचं नाव झालं. या लग्नात पत्रिका कुठेच जुळत नाही. सर्व्हल नराचं वजन अठरा किलोपर्यंत जातं, म्हणजे वर वधूच्या तिप्पट-चौपट. समोरची ही बायको की जेवण, याबद्दल त्याच्या मनात गोंधळ उडू नये म्हणून दोघांना लहानपणापासून एकत्र वाढवावं लागतं. सर्व्हलच्या मादीचे दिवस भरायला साधारण चौऱ्याहत्तर दिवस लागतात, घरच्या मांजरीचे पासष्टच्या आसपास भरतात. तेव्हा पिल्लं पुष्कळदा अपुऱ्या दिवसांची. त्यातून वाचलेले मुलगे पहिल्या तीन-चार पिढ्या सहसा निपुत्रिक. निसर्गाने इतक्या ठिकाणी नकार कळवूनही पुढे रेटलेलं दुसरं स्थळ माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता सर्व्हल पोटासाठी काय करतो ते बघा. तो उंच गवतात निश्चल उभा राहतो. शरीराच्या मानाने सगळ्या मार्जारकुळात सर्वांत लांब पाय त्याचे, आणि डोक्यावर दोन भलेमोठे कान. डोळे अर्धवट मिटलेले, मान किंचित कललेली. गवताच्या मुळाशी उंदीर नुसता सरकला तरी ती खसखस तो टिपतो, मग चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात, हवेत एक कमान उमटते आणि पुढचे दोन्ही पंजे नेमके उंदराच्या पाठीवर उतरतात. आता गवताच्या जागी दुलई धरा, उंदराच्या जागी सासरेबुवांच्या पायाचा अंगठा, आणि वेळ पहाटे साडेचारची. अर्धा सर्व्हल असलेल्या जनावराला हे शिकवावं लागत नाही, आणि विसरायलाही लावता येत नाही. ते उभ्या जागेवरून सात-आठ फूट उडी मारतं, म्हणजे फ्रिज, कपाट आणि माळा ही सगळी त्याची बैठक. त्याला पाण्याचं वावडं नाही, म्हणजे बादली, मोरी आणि मत्स्यपेटी ही सगळी त्याची करमणूक. शिवाय हद्द आखण्याचा प्रश्न आहेच. रानात सर्व्हल काही चौरस किलोमीटरचा सातबारा स्वतःच्या मूत्राने लिहून काढतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तोच मजकूर सोफा, पडदे आणि पाहुण्यांचे बूट एवढ्यातच बसवायचा असतो, त्यामुळे अक्षर जरा दाट येतं.

हे सगळं विक्रेत्यांना ठाऊक नाही असं समजू नका. त्यांचा सगळा धंदाच हे जंगल टप्प्याटप्प्याने पातळ करण्याचा आहे. पहिल्या पिढीच्या माद्या घरच्या बोक्यांना द्यायच्या, त्यांच्या लेकी पुन्हा घरच्या बोक्यांना द्यायच्या, असं करत चौथ्या-पाचव्या पिढीला ते मांजर मांडीवर बसतं, मातीच्या पेटीत जातं आणि पाहुण्यांकडे जेवण म्हणून बघत नाही. त्याच वेळी त्याचा भाव वीस हजारांवरून हजार-दोन हजार डॉलरवर आलेला असतो. गुण वाढले आणि किंमत पडली! शहाण्या बाजारात हे उलट व्हायला हवं होतं. इथे गिऱ्हाईक मांजरासाठी पैसे मोजतच नाही, शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरच्या भीतीसाठी मोजतं. आणि ती भीती विकायला जंगलाचीही गरज लागत नाही. २००७ साली एका अमेरिकी कंपनीने ‘अशेरा’ नावाचं एक अद्‌भुत संकरित मांजर बाजारात आणलं. किंमत बावीस हजार डॉलर, वर प्रतीक्षायादी. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये तीन अशेरांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा ती पेनसिल्व्हेनियातल्या एका पैदासकाराकडची चारचौघांसारखी सव्हाना निघाली. तोवर मालकांना त्यांच्यात काय काय दैवी दिसलं असेल, कोण जाणे.

यावर कुणी म्हणेल, कुत्राही एकेकाळी लांडगाच होता. माणसाने निवड करत करत त्याचा पॉमेरेनियन केला. मग बेंगाल मांजरानेच काय घोडं मारलंय? आज जगभर ती घराघरांत सुखाने नांदतात, पुण्या-मुंबईतही विकत मिळतात. आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या बाजूने आहे. बेंगालची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या जीन मिल या बाईंनी केली. १९६३ साली त्यांच्याकडच्या आशियाई बिबटमांजराला घरच्या बोक्यापासून पिल्लू झालं. ऐंशीच्या दशकात त्यांनी हे काम नेटाने पुन्हा हाती घेतलं. या मांजरांत आता खरोखर किती रान उरलंय, हे संशोधकांनी शेकडो बेंगालांचे जनुकसंच तपासून २०२४ साली सांगितलं: सरासरी साडेतीन टक्के. त्याहून मजेची गोष्ट अशी, की ज्या देखणेपणासाठी लोक जीव टाकतात, तो बहुतांशी साध्या घरगुती मांजरांच्या जनुकांतून आलेला आहे. केसांवरची ती सोनेरी चमकही घरगुतीच. आणि तिचा उगम कुठला? १९८२ साली जीन मिलबाई दिल्लीचं प्राणिसंग्रहालय बघायला गेल्या होत्या. तिथे गेंड्याच्या आवारात एक बेवारशी बोका राहत होता: नारिंगी अंग, गर्द ठिपके, काचेसारखी चमकणारी लव. बाईंनी त्याला अमेरिकेला नेलं, आणि आज जातिवंत बेंगालांच्या वंशावळीत हा दिल्लीचा उडाणटप्पू मूळपुरुष म्हणून मानाने बसलेला आहे. म्हणजे गिऱ्हाईक जंगल म्हणून पैसे मोजतं आणि पदरात पडतं ते आपल्या गल्लीतलं मांजर. त्या बोक्याला गेंड्याशेजारी राहण्याचं कुणी एक छदामही दिलं नव्हतं.

दुसरा आक्षेप हेतूचा. जीन मिल सांगत, की बिबट्यासारखं दिसणारं मांजर मांडीवर असलं तर बायका बिबट्याच्या कातड्याचे कोट घालायला धजावणार नाहीत. हेतू उमदा आहे, त्यावर मी विनोद करणार नाही. पण फर कोटांची फॅशन मोडली ती कायद्यांनी आणि चळवळींनी. आणि पहिल्या पिढीची पिल्लं हवीत तर कुठेतरी एक खरा सर्व्हल किंवा खरं बिबटमांजर जन्मभर जाळीआड ठेवावंच लागतं. कातडं वाचवायला निघालो आणि पिंजरा बांधून बसलो, असा हा हिशेब.

राहिली हौस. हौसेला मोल नसतं, हे मलाही पाठ आहे. फक्त ते मोल इतरांनी भरावं लागू नये. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचा संकर पाळायचा तर १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली परवाना लागतो, म्हणजे सिंह पाळणाऱ्यांच्याच रांगेत उभं राहायचं. ऑस्ट्रेलियाने २००८ साली सव्हानाची आयात बंद केली. तिथली भटकी मांजरं मुळातच देशी प्राण्यांचा फडशा पाडतात. त्यांना लांब पाय आणि उंच उडी आहेर म्हणून द्यायची सरकारची तयारी नव्हती. अमेरिकेत रेबीजची लस घरगुती मांजरासाठी मंजूर आहे, रानटी संकरासाठी नाही. तेव्हा हे लाडकं कुणाला चावलं, तर टोचून घेतलेली लस कागदावर न टोचल्यासारखी धरली जाऊ शकते. आणि २०२३ च्या जानेवारीत सिनसिनाटी शहरात झाडावर बिबट्या चढलाय म्हणून धावाधाव झाली, तो निघाला मालकाच्या गाडीतून सटकलेला सर्व्हल. तपासणीत त्याच्या शरीरात कोकेनचा अंश सापडला. संगतीचा परिणाम कोणावर कोणाचा होतो, याबद्दल मी काही बोलत नाही.

आपल्याकडे वीस हजार डॉलर कुणी मोजणार नाही, हे खरं. पण आपल्याकडे हा मोह फुकट समोर येतो. ऊसतोड सुरू झाली, की जुन्नर-नाशिककडच्या फडांत ठिपकेदार पिल्लं सापडतात. कुणी म्हणतं बिबट्याची, कुणी म्हणतं नुसती मांजराची, आणि एखादा हौशी ती पाटीत घालून घरी न्यायला निघतो. पुष्कळदा ती वाघाटीची असतात, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलं तरी दीड किलोच्या आसपास. कधी रानमांजराची असतात, कधी खरोखर बिबट्याची. तिन्ही बाबतींत ती पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तिन्ही बाबतींत त्यांची आई बहुधा जवळच असते. वनखात्याची माणसं पिल्लं तिथेच सुरक्षित ठेवतात आणि लांब उभी राहतात; बहुतेक वेळा अंधार पडल्यावर आई येऊन एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. तेव्हा हात लावू नका, फोटोसाठी कडेवर घेऊ नका, वाटीत दूध तर मुळीच देऊ नका. ‘हॅलो फॉरेस्ट’चा नंबर १९२६ आहे, तो फिरवा आणि बाजूला व्हा.