पोटभाडेकरू

दिवाळी अंकांतील कथांना चित्रे काढून ज्याला उदरनिर्वाह करावयाचा असतो त्याचे वर्ष चैत्रात सुरू होत नाही. ते श्रावणातील एखाद्या दमट दुपारी संपादकांच्या शिपायाने आणून टाकलेल्या हस्तलिखितांच्या भेंडोळ्यापासून सुरू होते आणि आश्विनाच्या वद्य पक्षात ब्लॉक करणाऱ्याच्या शिव्या खाऊन संपते. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून मराठी लेखकांच्या मागे दरसालचा जो तगादा लावून दिला, त्याविषयी साहित्याच्या इतिहासकारांनी कृतज्ञतेने लिहिले आहे. परंतु लेखकाने मुदत टळल्यावर कथा दिली तेव्हा तिच्या शिरोभागी बसवावयाच्या विरहिणीसाठी चित्रकाराच्या वाट्याला किती रात्री उरल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरी नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. लेखकाने कथा वेळेवर दिली तेव्हाही माझ्या वाट्याला तेवढ्याच रात्री उरत, कारण मधले सगळे दिवस मी तयारीत घालवीत असे.

आळसाला नावे ठेवता येतात, तयारीला नाही. लोळत पडलेल्या मनुष्यास कोणीही हाक मारून उठवावे. पण जो सकाळी सातापासून मेजाशी बसून पेन्सिलींना पात्याने टोके करीत आहे, त्या उतरत्या भाजणीने मांडीत आहे, सेबलचा ब्रश साबणाच्या पाण्यात धुऊन ओठांनी त्याचे अग्र जुळवीत आहे, इंडियन इंकच्या बाटलीचे वाळून घट्ट बसलेले बूच गरम पाण्याने सैल करीत आहे आणि आयव्हरी बोर्डाच्या शुभ्र पृष्ठभागावरून, धूळ असो वा नसो, कोंबड्याचे पीस फिरवीत आहे, त्याला कोणत्या तोंडाने उठवावे? आमच्या घरात हे धाडस एकाच व्यक्तीला होते. "अहो, टोकं झाली असतील तर आता चित्र काढणार आहात, की त्या पेन्सिली लोणच्यात घालू?" असे ती स्वयंपाकघरातून विचारी, आणि कलेच्या क्षेत्रातील अज्ञान किती खोलवर गेले आहे याचा विचार करीत मी खोडरबर शोधावयास घेई.

माझ्या बाजूने शास्त्राधारही होता. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि त्यात समर्थांनी नाना देशींचे बोरू आणावेत, चाकू, कात्री, शाई यांची जय्यत व्यवस्था ठेवावी, असे स्पष्ट सांगितले आहे. ही आज्ञा मी अक्षरशः पाळली. माझ्या कपाटात इतक्या तऱ्हांचे टाक, निब आणि ब्रश साठले की एखाद्या लहानशा मठाची नकलनविशी त्यावर पिढ्यानपिढ्या चालली असती. त्याच समासात समर्थ पुढे असेही म्हणतात की, ग्रंथातील पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सर्व लेखन एकाच टाकाने केल्यासारखे दिसावे. हा भाग अमलात आणण्याचे मी पुढील मोसमावर तहकूब ठेविले होते.

मग संकल्प. एका गुढीपाडव्यास मी दैनंदिन वेळापत्रक करावयास घेतले. पहाटे उठणे, रेखाभ्यास, व्यावसायिक चित्रे, दुपारी अल्प विश्रांती, पुनश्च व्यावसायिक चित्रे, असा मजकूर ठरला, आणि मजकुराभोवती साधी चौकट बरी दिसेना म्हणून मोगल धर्तीची वेलबुट्टी सुरू केली, वेलबुट्टीत दोन मोर आले, मोरांना सोनेरी रंग लागला, आणि रामनवमीच्या सुमारास ते वेळापत्रक पुरे झाले तेव्हा त्यातील एकाही कलमाप्रमाणे एकही दिवस गेलेला नव्हता. त्या वर्षातील माझी ती सर्वोत्कृष्ट कृती होय, असे जाणकारांचे मत पडले. एका गृहस्थांनी ती चौकटीत बसवून विकत मागितली, आणि मी दिली.

आमच्या व्यवसायबंधूंच्या बैठकीत अशा प्रसंगी लिओनार्दोचा दाखला निघतो. मिलान येथील मठाच्या भोजनगृहात 'अंतिम भोजन' रंगविताना तो कित्येकदा अर्धा अर्धा दिवस भिंतीकडे नुसता पाहत उभा राही. मठाधिपतीने ड्यूककडे फिर्याद नेली तेव्हा, जूडासचा चेहरा काही केल्या सापडत नाही, फारच निकड असेल तर मठाधिपतींचाच घालतो, असा खुलासा त्याने केला, ही कथा चरित्रकार वासारीने लिहून ठेविली आहे. (खलनायकांना संपादकांची नाके देऊन मीही या परंपरेस हातभार लाविला आहे.) परंतु त्याच भिंतीपाशी त्याला प्रत्यक्ष पाहिलेल्या बांदेल्लोने असेही नमूद केले आहे की, कधी कधी तो सूर्योदयापासून काळोख पडेतो तहानभूक विसरून रंगवीत राही आणि हातातील ब्रश खाली ठेवीत नसे. हा उतारा आमच्या बैठकीत वाचला जात नाही.

दुसऱ्या टोकाला अँथनी ट्रॉलप. या गृहस्थाने ४७ कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतील कित्येक टपाल खात्याची नोकरी सांभाळून. पहाटे साडेपाचला मेजाशी बसावयाचे, घड्याळ समोर ठेवावयाचे आणि दर पाव तासाला २५० शब्द उतरवावयाचे, हा त्याचा परिपाठ. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ही सर्व कैफियत आहे, आणि तीत मला सर्वांत विश्वसनीय वाटते ती ही गोष्ट की, आपल्याला वेळेवर उठवून कॉफी आणून देण्याबद्दल एका म्हाताऱ्या मोतद्दारास तो सालीना ५ पौंड जादा देत असे, आणि आपल्या यशाचे श्रेय इतर कोणाहूनही त्या मोतद्दाराला अधिक आहे असे त्याने मानले आहे. म्हणजे प्रतिभा ज्याची त्याची, पण सवय दुसऱ्या कोणीतरी दारावर थाप मारल्याखेरीज लागत नाही. गिरगावातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मोतद्दार कोठून आणावा, हा प्रश्न राहतोच.

वाईट सवयीला घराबाहेर काढता येते हा समज मुळात मुंबईबाहेरच्या लोकांचा असावा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण लाभलेल्या भाडेकरूसारखी ती आपल्या मस्तकात राहत असते. नोटीस दिली की ती अधिकच पाय पसरते, 'मला स्वतःला जागेची निकड आहे' असे शपथेवर सांगितले तरी तारखा पडत राहतात, आणि बारा वर्षांच्या वहिवाटीनंतर मालक कोण आणि आगंतुक कोण याविषयी मालकालाच शंका येऊ लागते. माझे सर्व पाडव्याचे संकल्प म्हणजे या नोटिसा होत्या. उपाय निघाला तो कायद्याने मना केलेल्या मार्गाने, म्हणजे पोटभाडेकरू घुसवून.

झाले असे की, पाठदुखीमुळे सौभाग्यवतींना सकाळी उभे राहावेना, आणि दूध तापविण्याचे काम माझ्याकडे आले. आमचा दूधवाला पहाटे साडेपाचला कडी वाजवितो. त्याला त्याबद्दल सालीना काही द्यावे लागत नाही आणि हात जोडूनही तो थांबत नाही. स्टोव्हवर दूध ठेवले की ते वर येईपर्यंत मनुष्याला कोठे जाता येत नाही आणि काही करताही येत नाही. फडताळात छापखान्यातील जुन्या मुद्रितांचे गठ्ठे होते, खिडकीत वाण्याच्या हिशेबाची बोटभर उरलेली पेन्सिल होती. मुद्रिताच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पातेले धरलेला हात काढला. तो वाईट आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. अंगठा सुधारला, मनगट बिघडले. पेन्सिलीला टोक नव्हते आणि ते करावे असे वाटण्याइतका वेळही नव्हता, कारण दूध कोणाची वाट पाहत नाही. कागद फुकटचा असल्यामुळे तो बिघडण्याचे भयही नव्हते. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मेजावरची ती सगळी टोकदार सरबराई, ती पिसे, ती बुचे, हे त्या महागड्या पांढऱ्या बोर्डावर पहिली रेघ चुकेल या भीतीचे दरबारी पोषाख होते.

या पोटभाडेकरूने हातपाय कसे पसरले ते मला नेमके सांगता येणार नाही. दूध उतरल्यावरही चहा होईपर्यंत हात चालू राहू लागला. मग चहा थंड होईपर्यंत. मग एका सकाळी लक्षात आले की मी मेजाशी येऊन बसलो आहे, त्या बोटभर पेन्सिलीने थेट बोर्डावर नायिकेचा पदर काढतो आहे, आणि पेन्सिलींची भाजणी जशीच्या तशी पलीकडे उभी आहे. जुना भाडेकरू गेलेला नाही. आठवड्यातून एखादे वेळी तो कपाट उघडून सर्व निब पुसून ठेवतो. पण चालू महिन्याचे भाडे आता दुसराच भरतो.

दूध अर्थात अधूनमधून उतू जाते, आणि स्टोव्ह पुसण्याचे कामही माझ्याकडे आले आहे.

यंदा सर्व चित्रे मी पितृपक्षापूर्वी पोहोचती केली. ब्लॉक करणाऱ्याने ती तारीख दोनदा वाचून पाहिली. मानधन मात्र परंपरेनुसार होळीच्या आगेमागे येते. तेव्हा संपादकमहाशयांच्या घरी दूध कोण तापविते, याची चौकशी वाचकांपैकी कोणी करून कळविल्यास मोठे उपकार होतील.