वसूलकाका

गुलमर्गच्या बर्फात उभं राहून कुणी मराठीत विचारलं, “दर घसरणीमागे किती पडले?” तर मागं वळून बघायची गरज नाही. ते वसूलकाकाच. कागदोपत्री नाव काहीही असो, बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक काश्मीर सहलीत एक तरी असतोच. जन्मात कधी स्कीवर पाय ठेवलेला नाही. पण कुठल्या उतारावर कुणाचे पैसे फिटतात, ते त्यांनाच विचारावं.

सुरुवात गुलमर्गच्या खालच्या टंगमर्गलाच झाली. तिथं गमबूट आणि पोटऱ्यांपर्यंतचा कोट भाड्यानं घेताना काकांनी दुकानदाराकडून “पूरे दिन का” हे शब्द तीनदा वदवून घेतले.

वर गुलमर्गला गोंडोल्याच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत त्यांच्यापुढं एक युरोपातला गडी होता. पाठीवर फावडं, गळ्यात हिमकड्याखाली गाडलं गेल्यास शोधायचं यंत्र. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. गोंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा, 2005 सालचा, थेट अफरवटवर, सुमारे 3,950 मीटरवर. गुलमर्ग 2,650च्या आसपास. वजाबाकी तोंडी झाली. “तेराशे मीटर घसरतो हा एका तिकिटात! याला ना गुळगुळीत केलेला उतार लागतो, ना वर हॉटेल. कुणी न तुडवलेला भुसभुशीत बर्फ मिळाला की झालं.” मात्र वारा सुटला किंवा हिमकडे कोसळायची भीती असली की दुसरा टप्पा बंद ठेवतात. त्यामुळं अशा माणसानं मुक्कामातले दोन-चार दिवस वाया जाणार हे धरूनच यावं. काका त्याला ‘घट’ म्हणतात. कांद्याच्या पोत्यात असते तशी.

त्यांचा पुतण्या नवशिका. “अंकलजी, लड़के को सीधा ऊपर ले चलते हैं,” वाटाड्या म्हणाला. काका उसळले. “बालवाडीतल्या पोराला पीएचडीला बसवताय?” नवशिक्याचे पैसे उंचीत घालायचे नसतात, मास्तरात घालायचे असतात, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. (बाकी त्यांचं काही पटलेलं मला आठवत नाही.) त्याला खालचा पसरट उतार, ओढून वर नेणारी साधी लिफ्ट आणि न ओरडणारा मास्तर पुरे. त्याहून चोख सौदा हवा तर उत्तराखंडातल्या औलीचा सात किंवा चौदा दिवसांचा सरकारी कोर्स. राहणं, जेवण, स्की, शिकवणी सगळं एका दरात. “राइस प्लेट!” काका म्हणाले. एका वाक्यात याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही.

काकूंना स्कीशी कर्तव्य नव्हतं. वर जाऊन फोटो, खाली येऊन कहवा, एवढ्यात त्यांचं तिकीट वसूल. घरातला एकच घसरणारा आणि तिघं बघणारे असतील, तर बघणाऱ्यांचीही सोय हवी. नाहीतर घसरणारा परत कधी येत नाही, हेही काकांनी वहीत टिपून ठेवलं.

दुपारपर्यंत पुतण्या एकेचाळीस वेळा पडला. काका मोजत होते.

“अहो, त्याचं ढोपर सुजलंय आणि तुम्ही हिशेब कसले करताय?”

“तेच सांगतोय. पडणं धरलं, तर सगळ्यांत स्वस्त यालाच पडलं!”

संध्याकाळी पाचला टंगमर्गला परतलो. रस्ता कोरडा ठणठणीत. सगळ्यांनी बूट काढून दिले, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. काका मात्र गमबूट आणि कोटासकट दुकानासमोर फेऱ्या मारत होते.

“काका, चला ना!”

“थांब रे,” घड्याळ बघत ते म्हणाले, “अजून पाऊण तास आहे.”