वाकळ पांघरायचीच

अहो काकू! जरा कुंपणापाशी या ना. हा डबा धरा आधी, कुरडया आहेत. आईनं तुमच्यासाठी वेगळ्या बांधून दिल्यात. म्हणाली, "मागल्या खेपेला त्यांनी लोणचं धाडलं हुतं, मोकळा डबा परत गेला. बरं दिसतंय का ते?" असलं सगळं बरोबर ध्यानात असतं तिच्या. डबा सावकाश द्या, काही घाई नाही.

कालच रात्री आलो. विट्याहून सांगली ती काय लांब, पण सुट्टीतली एस.टी. म्हणजे निम्मं माहेरपण तिथंच जिरतं. यंदा मात्र घर भरलं होतं. दादा-वहिनी कोईमतूरहून पोरांना घेऊन आले होते. आमच्या खानापूर-आटपाडीकडचं तुम्हाला माहीतच आहे. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात माणसं देशभर पांगलेली. वर्षभर घरांना कुलपं, आणि जत्रा-लग्नसराई आली की गल्लीत गाड्या लावायला जागा नाही. दादाची पोरं आपसात तमिळ बोलतात, आजीशी मराठी, आणि भांडताना दोन्ही.

कुठं फिरायला गेलो नाही हो. कुठं जाणार त्या उन्हात? दुपारभर सोप्यात वाकळ शिवत होतो. होय, मी! हसू नका. तुमच्याकडे गोधडी म्हणत असाल, आमच्याकडे वाकळ. लहानपणी मी सुई हातात घेतली की आई म्हणायची, "तू अभ्यास कर, वाकळंचं मी बगती." यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मोतीबिंदूचं, त्यामुळे सुई ओवायला माणूस हवं होतं. नुसती ओवून देऊन मी उठायला लागले, तर म्हणते, "अभ्यास झाला आसंल तर बस आता."

बसले.

आपल्याला वाटतं, वाकळ म्हणजे टाका. आईच्या लेखी टाका शेवटी. आधी कापड. ट्रंक उघडली आणि एकेक लुगडं उजेडाला धरून बघायला लागली. कुठं विरलंय, कुठं अजून दम आहे, हे तिला उजेडात दिसत नाही आता नीट, पण दोन बोटांत धरून ओढलं की कळतं. आजीचं एक इरकली निघालं. त्याचा पदर तिनं सरळ कापून बाजूला टाकला. पदर रेशमी, अंग सुती. म्हणते दोन्ही एका वाकळंत नांदत नाहीत, धुतल्यावर एक आटतं आणि एक तसंच राहतं. मग उरलेल्या लुगड्याचे चार तुकडे. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, त्यामुळं पदर गेला तरी एकेक तुकडा दोन मीटरच्या जवळपास भरतो. दोन शेजारी-शेजारी जोडले की वरची बाजू, दोन जोडले की खालची. एका लुगड्यात वाकळंचं वरचं-खालचं अंग निघालं! सहावारीत हे होत नाही, म्हणून हल्लीच्या वाकळा जोडाजोडीच्या. काठ फेकले नाहीत हं. ते कडेला लावायला ठेवले, कारण वाकळ आधी फाटते ती कडेला, ओढाओढीत.

आणि इथंच वादाला तोंड फुटलं. थोरली भाची डिझाइन शिकते. ती म्हणाली, आजी, आपण याची आठवणींची वाकळ करूया, प्रत्येकाचं एकेक कापड वर दिसेल असं लावू. वहिनीला ते इतकं पटलं की त्यांनी बॅगेतून लग्नाचा शालू काढून आणला. कोईमतूरहून खास आणला होता म्हणे, आईला दाखवून काहीतरी करायचं म्हणून. आईनं शालूवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ग्वाड हाय. पर वाकळंला न्हाई चालायचा. जर टोचतीय, रेशीम सरकतंय. पोरीला परकर शिव ह्याचा." वहिनींचं तोंड एवढंसं झालं. पण काकू, आई ऐकते होय?

मग भाची म्हणाली, बरं, आजोबांचं धोतर तरी वर लावू. अण्णांची दोन धोतरं आईनं आत घालायला काढली होती. जुनं धोतर किती मऊ असतं तुम्हाला माहीत आहे. पोरीला ते काही रुचेना. आत घातलं तर दिसणार कसं? आई म्हणाली, "दिसायला कशाला पायजे? वर घातलं तर चार धुण्यात फाटंल. आत ऱ्हायलं तर धा वर्सं टिकंल." सगळे गप्प. दादा उगाच पाणी प्यायला उठला.

हल्लीची पोरं गप्प बसत नाहीत ते एक बरं. भाचीनं लगेच मोबाईल काढला. अमेरिकेत अलाबामात गीज बेंड म्हणून एक खेडं आहे, नदीच्या वळणात. तिथल्या काळ्या बायका, गुलामांच्या वंशातल्या, शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. 2002 साली ह्यूस्टनच्या म्युझियमनं त्यांचं प्रदर्शन भरवलं, पुढं ते न्यूयॉर्कला गेलं आणि लोक थक्क झाले. तिथल्या मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला, तर 1942 मध्ये तिनं त्याच्या कामावरच्या कपड्यांचीच गोधडी शिवली, त्याची आठवण म्हणून. "बघ आजी, मी म्हणते तेच!"

आईनं मोबाईल नाकाशी धरला. तिथल्या असल्या गोधड्यांचे पाच-सहा फोटो पुढं-मागं करून बघितले. आणि एकदम म्हणाली, "ही खिसा उसवल्याली जागा हाय की गं! बाकीचं इटलं, खिशाखालचं गर्द ऱ्हायलं." खरंच तसं होतं हो. विटक्या निळ्या विजारीच्या कापडावर चौकोनी गडद ठसा. आम्ही सगळ्यांनी तो फोटो बघितला होता, खिसा तिलाच दिसला. मग विचारलं, "आणि पांघरली का तिनं?" भाची म्हणाली, हो, पांघरण्यासाठीच शिवली होती. "मग झालं," म्हणाली आई, "भिताडावर लावाय न्हाई शिवली."

मला तर तिचंच पटलं. आठवण काढायला वाकळंवर चित्रं कशाला लागतात? तुमचं काय म्हणणं ते सांगा नंतर, आधी पुढचं ऐका.

अंथरायचं म्हणजे केवढा व्याप! सगळी कापडं आधी धुऊन, खळ काढून, वाळवून घेतलेली. खालचं अंग उलटं अंथरलं, चार कोपऱ्यांवर पाट्याचा तुकडा, वरवंटा, दोन दगड. त्यावर आतली कापडं. एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडावर येता कामा नये, नाहीतर तिथं काठी बसल्यासारखी पाठीला लागते. मधे थोडं जास्त, कडेला कमी. मग वरचं अंग, आणि मधून कडेकडे हात फिरवत सुरकुती बाहेर काढायची. आधी लांब-लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं, तेही मधूनच. टाचलं नाही तर शिवताना कापड पुढं सरकत जातं आणि शेवटी पोटात फुगा राहतो. मग कडा आत मुडपून पक्का धावदोरा, बाहेरून आत, फेऱ्यावर फेरा. भाचीनं तिथंही माहिती काढलीच. खाली कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही कडेपासून आत येतात, आणि चारही कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. आईला ते आवडलं. पण फुलं लावू दिली नाहीत, पोरं तोंडात घालतात म्हणाली.

टाका ज्वारीच्या दाण्याएवढा हवा. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. त्याला मेणबत्ती फासायची. दाभण अजिबात नाही, जुन्या कापडाला भोकं पडतात. साधी जाड सुई, आणि ती अडायला लागली की केसांतून फिरवायची, तेलानं सुळकन जाते. आईचं तपासणं डोळ्यांनी नव्हतंच. शिवलेल्या ओळीवरून तळवा फिरवायची आणि मधेच थांबून म्हणायची, "हितं ढिला हाय." उसवून बघावं तर असायचाच.

पण खरी मजा सांगू? वाकळ शिवताना दोघी समोरासमोर बसतात, मांडीवर तेच कापड, हात गुंतलेले, उठून जाता येत नाही. मग बोलण्यावाचून करणार काय? भावकीतल्या कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कुणाचा मुलगा गलाईत बुडाला आणि कुणाचा उगाच मिरवतो, सगळं कळलं मला. नावं सांगत नाही, तुमच्या माहेरची सोयरीक निघायची त्यातलीच एखादी.

आणि एरवी विचारून जे सांगितलं नसतं, तेही बोलली. लग्न होऊन आली नि पाठोपाठ 1972 चा दुष्काळ. दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची, घरी मिलोची लाल भाकरी. मी आपलं सहज विचारलं, त्या सालची वाकळ आहे का गं एखादी? माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "त्या साली कुटली वाकळ? लुगडं फाटल्याबिगर वाकळ न्हाई. आन् फाटलं तरी अंगावरचं उतरायला दुसरं पायजे की." आपण म्हणतो गरिबाची वाकळ. अहो, तीसुद्धा थोडं बरं चाललं की मगच होते. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

आता टेंभू योजनेचं पाणी आलंय तिकडे, तरी जुनी खोड जात नाही. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा धुवायच्या म्हणजे धुवायच्याच. पूर्वी बैलगाडीत घालून लांबच्या विहिरीवर न्यायच्या. भिजली की चार माणसांना उचलत नाही, आणि पिळायला दोन टोकांना दोघी. यंदा मीच जाणार आहे धुवायला. वहिनी म्हणाल्या, वॉशिंग मशीन घेऊन देते. आई म्हणाली, "माजी वाकळ मावंल का तुज्या मशिनीत, ते बग आदी."

त्या समोरच्या बंगल्यातल्यांचं ऐकलं ना तुम्ही? ऑनलाइन गोधडी मागवली, 'हातमागाची, पारंपरिक' असं काय काय लिहिलेलं. पहिल्याच धुण्यात आतला कापूस एका कोपऱ्यात गोळा! हातशिवण म्हणे. मी उलटी करून बघितली, मशीनची टीप होती. आईच्या वाकळंत कापूसच नाही, तर गोळा काय होणार? थरांमधे हवा अडकते, त्यानंच ऊब येते. नायलॉनच्या साड्यांच्याही निघाल्यात आता, चमचमीत. दिसायला छान, पण घाम पीत नाहीत आणि अंगावरून रात्रभर घसरतात.

म्हणून तुम्हाला हाक मारली, काकू. गुरुवारी ती बोहारीण येते ना, तिच्यासाठी तुम्ही गठ्ठा बांधून ठेवलाय, मला गच्चीवरून दिसला. त्या सुती साड्या देऊ नका हो एका पातेल्यासाठी. पातेलं मी देते तुम्हाला, दोन देते. माझ्याकडे सासूबाईंच्या तीन साड्या आहेत, तुमच्या पाच मिळाल्या तर एक वाकळ सहज होईल. पण वाकळंला समोर दुसरी बाई लागते, आमच्या ह्यांना बसवून काही उपयोग नाही. तेव्हा सोमवारी दुपारी तीनला चष्मा घेऊन माझ्याकडे या. साड्या मात्र खळ काढून, खडखडीत वाळवून आणा. आणि नायलॉनची एकही नको.