जनुक बिघडवायला शिका

घाई असेल तर यीस्ट घ्या. यीस्टला बाहेरून डीएनएचा तुकडा दिला, की आपल्या गुणसूत्रातली हुबेहूब तशीच जागा हुडकून ते तो तिथे निमूटपणे बसवतं. आपली गाठ मात्र सस्तन प्राण्यांच्या पेशींशी आहे. डीएनएचं सुटं टोक दिसलं की ते कुठेतरी चिकटवून मोकळं व्हायचं, हा त्यांचा खाक्या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा तुमचा तुकडा मिळेल त्या गुणसूत्रावर, मिळेल तिथे बसतो. जुना मजकूर बाजूला सारून नेमक्या जागी बसणारा हजारात एखादा. त्या एकाला होमोलोगस रिकॉम्बिनेशन म्हणतात; उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना पीएचडी लांबणं म्हणतात.

सगळ्यात आधी पैसे. युटा विद्यापीठातल्या मारिओ कापेक्कींनी १९८० मध्ये याच कामासाठी अमेरिकी सरकारच्या एनआयएचकडे अर्ज केला. परीक्षकांना अर्जातलं बाकी सगळं आवडलं, हे सोडून. पेशीत शिरलेल्या डीएनएला आपला जोडीदार सापडणं जवळजवळ अशक्य, तेव्हा नाद सोडा, असं त्यांचं म्हणणं. कापेक्कींनी मंजूर कामांचे पैसे इकडे वळवले. १९८४ मध्ये हाती निकाल घेऊन ते पुन्हा दारात उभे राहिले, तेव्हा आमचं ऐकलं नाहीत ते बरं झालं, अशा अर्थाचा शेरा मिळाला. २००७ मध्ये ऑलिव्हर स्मिथीज आणि मार्टिन इव्हान्स यांच्यासोबत नोबेलही मिळालं. नवशिक्यांनी ही पायरी पहिल्याच वर्षी करून पाहू नये.

क्रिस्पर असताना ही उठाठेव कशाला, असं विचाराल. नुसतंच बिघडवायचं असेल तर खरंच नको. क्रिस्परने डीएनए कापा. टोकं घाईघाईत जोडताना पेशी चार अक्षरं गाळते, की काम झालं. पण जनुकात आपलाच मजकूर लिहायचा असेल, तर कापल्यानंतरही जुळणारा तुकडा लागतो आणि पेशीची मर्जी सांभाळावी लागते ती लागतेच.

आता जनुक निवडा. कापेक्की आणि कर्क थॉमस यांनी १९८७ मध्ये एचपीआरटी निवडलं, आणि यापेक्षा धूर्त निवड मला माहीत नाही. ते एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे नर पेशीत त्याची एकच प्रत. शिवाय धडधाकट पेशीला सिक्स-थायोग्वानिन पाजलं, की एचपीआरटीच त्याचं विष करून तिला मारतं. ज्या पेशीत हे जनुक बिघडलं, ती जगते. म्हणजे शोधायचं काही उरतच नाही.

तुमच्या गाइडने दिलेलं जनुक अर्थातच इतकं सोयीचं नसेल. त्यासाठी कापेक्कींच्याच प्रयोगशाळेतली १९८८ ची युक्ती आहे. तुकड्याच्या दोन्ही भुजा मूळ जनुकाशी तंतोतंत जुळणाऱ्या, काही हजार अक्षरांच्या घ्या. (पेशी ज्या वंशाच्या उंदराची, त्याच वंशाच्या उंदराचा डीएनए वापरा, किरकोळ फरकही इथे महागात पडतो.) मध्ये निओ हे जनुक घुसवा आणि भुजेच्या बाहेर, शेपटाला, नागिणीच्या विषाणूच्या नात्यातल्या हर्पिसचं टीके जनुक लावा. विजेचा झटका देऊन हे पेशींत सोडा. मग जी-४१८ घाला: ज्यांनी तुकडा घेतलाच नाही, म्हणजे ज्यांच्यात निओ नाही, त्या मेल्या. मग गॅन्सिक्लोव्हिर घाला. तुकडा भलतीकडे शिरला असेल तर बहुधा शेपटासकट शिरलेला असतो, आणि टीके त्या औषधाचं विष करतं. नेमक्या जागी अदलाबदल झाली, तर शेपूट बाहेरच राहतं.

तुम्ही काय केलं, ते नीट पाहा. पेशीकडून काहीही करवून घेतलं नाहीत. जे करायचं ते तिने आपल्या मर्जीने केलं; तुम्ही फक्त बाकीच्यांना मारायची चोख व्यवस्था केलीत. या शास्त्रातली सगळी हुशारी तिथेच आहे.

या पेशी म्हणजे इव्हान्स आणि कॉफमन यांनी १९८१ मध्ये केंब्रिजला उंदराच्या भ्रूणातून वाढवून दाखवलेल्या स्टेम पेशी, आणि त्यांचे लाड संपत नाहीत. खाली वाढ थांबवलेल्या फायब्रोब्लास्टचं अंथरूण लागतं, वर रोज ताजं मीडियम लागतं. रविवारी गेला नाहीत तर सोमवारी गुलाबी मीडियम पिवळं पडलेलं दिसेल. आठ-दहा दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली कॉलन्या दिसू लागतात. कडा चकचकीत, गोळा घट्ट, आतली एकेक पेशी वेगळी ओळखू येत नाही, अशी कॉलनी उचला. पसरट, कडेने पाय फुटलेली असेल तर तिचं बालपण संपलं, ती सोडा. उचलताना श्वास रोखायची गरज नसते, पण सगळे रोखतात.

वाचलेल्यांतही लबाड असतात, कारण शेपूट वाटेत तुटूही शकतं. म्हणून तुकडा खरंच कुठे बसला ते पाहायला सदर्न ब्लॉट करा, आणि प्रोब भुजेच्या बाहेरचाच घ्या. आतला घेतलात तर तुमचाच तुकडा तुम्हाला सापडेल आणि विनाकारण पेढे वाटले जातील.

पुढचं सोपं, फक्त लांबलचक. साडेतीन दिवसांच्या भ्रूणात दहा-पंधरा पेशी सोडायच्या. भ्रूण काळ्या वंशाचा आणि पेशी भुऱ्या वंशाच्या घेतल्या, की पिल्लू ठिपक्यापट्ट्यांचं निघतं आणि पेशी रुजल्याचं पत्र त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. अशा ठिपक्यापट्ट्यांच्या नराची काळ्या मादीशी जोडी लावा. भुरी पिल्लं झाली तर त्यांतल्या साधारण निम्म्यांत बिघडलेली प्रत असेल. त्यांची आपसात जोडी लावा आणि चार पिल्लांमागे एक, असा हिशेब धरा. एव्हाना वर्ष उलटलेलं असतं.

हिशेबातलं ते चौथं पिल्लू कधीकधी दिसतच नाही: ते गर्भातच गेलेलं असतं. मग हेच जनुक फक्त यकृतात किंवा फक्त मेंदूत बिघडवणारा नवा तुकडा बांधायचा, म्हणजे पहिल्या पायरीवर. आणि कधी ते जन्मतं, दोन्ही प्रती बिघडलेल्या असूनही ठणठणीत असतं, जाळीवर चढतं, खातं, वेळेवर पिल्लं घालतं. अशा वेळी प्रबंधात, या जनुकाचं काम दुसरं जनुक सांभाळून घेत असावं, असं एक वाक्य लिहायचं आणि त्या दुसऱ्या जनुकाच्या भुजांसाठी प्रायमर मागवायचे.