दुबार कसे पकडावेत: नवख्या ऑपरेटरसाठी

नव्यानंच संगणकासमोर बसलात का? मग चार दिवसांत साहेब संस्थेच्या सभासदांची एक एक्सेल फाईल पाठवतील आणि म्हणतील, "यातले दुबार तेवढे काढा. संध्याकाळपर्यंत." घाबरू नका. 'दुबार' हा शब्द नगर जिल्ह्याला नवा नाही. पाऊस दडी मारतो तेव्हा इथं पेरणीही दुबारच होते.

साहित्य: एक संगणक, एक रूल्स इंजिन (ड्रूल्स फुकट मिळतं), यादी आणि गावातला एक म्हातारा. म्हातारा शेवटी लागतो, पण आधीच सांगून ठेवा. बाजारच्या दिवशी सापडत नाही.

रूल्स इंजिन म्हणजे जर-तरचा कारखाना. आपण फक्त अट आणि कृती लिहायची. कुठला नियम केव्हा लागू करायचा ते त्याचं ते बघतं. यादीतला प्रत्येक माणूस म्हणजे एक ऑब्जेक्ट. सगळे ऑब्जेक्ट त्याच्या पोटात ढकलले की ते जोड्या लावत बसतं.

पायरी पहिली. नियम लिहा: 'जर एका सभासदाचं नाव दुसऱ्या सभासदाच्या नावासारखं असेल, तर तो दुबार.' आता चालवा. माझ्या पहिल्या यादीत ४०० नावं होती आणि इंजिननं ४०० दुबार काढून दिले. चहा यायच्या आत सगळी संस्था बोगस ठरली. झालं असं, की 'दुसरा' म्हणजे 'पहिला सोडून' हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, इंजिनला लागतं. त्यानं प्रत्येकाला त्याच्याच शेजारी उभं केलं आणि नाव जुळलं म्हणून कळवलं. बिचाऱ्याचं चुकलं काहीच नाही.

मग 'दुसरा म्हणजे पहिला नव्हे' अशी अट घाला. आता १२ नंबरचा १८७ चा दुबार निघेल, आणि लगेच १८७ चा १२ चा दुबार निघेल. दोघांवर खूण बसली आणि खूण असलेले सगळे तुम्ही उडवले, तर खरा माणूसही गेला. यावर उपाय म्हणजे 'पहिल्याचा अनुक्रमांक दुसऱ्यापेक्षा लहान' एवढी एकच अट. तिनं स्वतःशी जुळणंही थांबतं आणि उलटी जोडीही. ४०० नावांच्या १,६०,००० जोड्या होत होत्या, त्या ७९,८०० वर येतात. एवढ्या जोड्या इंजिन पटकन कशा तपासतं, याचं श्रेय बऱ्याच अंशी चार्ल्स फोर्जी या अमेरिकन संशोधकाला. १९७० च्या दशकात त्यांनी 'रीटी' नावाची पद्धत काढली. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जाळं. अर्धवट जुळलेलं ती लक्षात ठेवते, पुन्हा पहिल्यापासून विचारत बसत नाही. आपल्याकडचे टेबलामागचे लोक नेमकं उलट करतात.

पायरी दुसरी. नावं धुऊन घ्या. बाबुराव आणि बाबूराव एक करा. दत्तू, दत्ता, दत्तोबा, दत्तात्रय, दत्तात्रेय यांचं काय करायचं ते तुमच्या हिमतीवर. इथं शहाणा माणूस एक नियम हमखास लिहितो: 'नावामागचे राव, साहेब, बाई काढून टाक.' पुण्यात बसून लिहिलेला नियम असावा. नगर जिल्ह्यात साहेब ही पदवी नव्हे, ते बारशातलं नाव आहे. भाऊसाहेब, बाळासाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब यांचे साहेब कापले की निम्मा तालुका 'भाऊ' आणि उरलेला 'बाळा' होतो. रावसाहेबांची तर दोन्ही टोकं जातात, उरतं काहीच नाही.

उलटा घोळही असतो. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे कागदावर किसन बाबुराव हजारे. संगमनेरचे बाळासाहेब थोरात कागदावर विजय. जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असलेली ही दोन माणसं इंजिनच्या हिशेबी चार. 'उर्फ' चा रकाना मागून घ्या. मिळणार नाही, पण मागितल्याची नोंद राहते.

पायरी तिसरी. जन्मतारखेवर विसंबू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याची तारीख माहीत नाही त्याला १ जून दिली. त्यामुळे एका पिढीतलं अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं आहे.

पायरी चौथी, गाव. जिल्ह्यात निमगाव वाघा आहे, घाणा आहे, जाळी, खलू, खैरी, गांगर्डा आहे. ऑपरेटर घाईत नुसतं 'निमगाव' ठोकतो. कोल्हार बुद्रुक प्रवरेच्या एका काठाला राहाता तालुक्यात, कोल्हार खुर्द समोरच्या काठाला राहुरीत, आणि तिसरं कोल्हार पाथर्डीत. निमगाव कोऱ्हाळे मात्र दोन वेळा येतं आणि जुळत नाही. डोळे फोडून पाहिलं, अक्षर न् अक्षर तेच. शेवटी कळलं, त्यातला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला जुळे, आतून परके.

खुद्द जिल्हाही दुबार आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदनं वसवलेल्या शहराचं आणि त्याच्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये चौंडीच्या लेकीवरून, अहिल्याबाईंवरून, अहिल्यानगर झालं. यादीत अहमदनगर, अहिल्यानगर, अ.नगर आणि नुसतं नगर, चारही भेटतील. एक करा. पण नगर नावाचा तालुकाही आहे, जपून.

पायरी पाचवी. माहेरी एका नावानं आणि सासरी दुसऱ्या नावानं नोंदलेली बाई कुठल्याच नियमात सापडत नाही. नाव, मधलं नाव, आडनाव, गाव, सगळं वेगळं. इथं म्हातारा चालत नाही, म्हातारी लागते.

पायरी सहावी. कृतीच्या ओळीत 'काढून टाक' कधीही लिहू नका, 'तारे लाव' लिहा. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगानंही संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारेच लावले, आणि कुठं मतदान करणार ते त्यांनाच विचारायला लावलं. फक्त 'आधी तारे नसतील तरच' अशी अट घाला. मी ती विसरलो होतो. तारे लावले की नोंद बदलते, नोंद बदलली की इंजिन नियम पुन्हा तपासतं, पुन्हा तारे लावतं. सकाळी एका बापड्याच्या नावापुढे अख्खं आकाश होतं.

शेवटी माझ्या यादीत एकच जोडी उरली. बाळासाहेब भाऊसाहेब, आडनाव तेच, गाव तेच, १ जून, सालही एकच. सगळे नियम म्हणाले, दुबार. मी म्हाताऱ्याला फोन लावला.

"आजोबा, या नावाची दोन माणसं आहेत का हो तुमच्यात?"

"दोनच?" म्हातारा म्हणाला. "मळ्यातल्याला घेतलाच नाही का?"