खून ठेवला, प्रेम काढलं

"काकी, मिरच्या घेऊन या इकडं. देठं खुडत बोलूया."

"आलो गं. रात्री शाहिद कपूरचा 'देवा' बघत बसलो, अजून डोळं चुरचुरालेत."

"तो देव आंबरे होय? नाव मराठी, गुर्मी मुंबई पोलिसाची. पण पिच्चरचा जीवच काढून घेतलाय बघा."

"म्हंजे?"

"मूळ पिच्चर मल्याळम, २०१३चा. नाव 'मुंबई पोलीस', पण घडतोय कोचीत. दिग्दर्शक दोन्हीकडं रोशन अँड्र्यूजच. एसीपी पृथ्वीराजची अपघातात स्मृती जाते आणि दोस्ताच्या खुनाचा तपास त्याच्याच गळ्यात."

"हे 'देवा'तबी हाय की. शेवटी खुनी तोच निघतोय."

"व्हय, पण मारला का? 'देवा'त गद्दारी उघडी पडते म्हणून. तिकडं एसीपीचं एका पुरुषाशी जमलेलं असतंय. ते दोस्ताला कळतंय, म्हणून."

"अगं बाई! एवढा मिशीवाला गडी?"

"मिशीचा काय संबंध, काकी? तेव्हा तर कायदाबी धड बाजूला नव्हता. २०१३च्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं असलं प्रेम गुन्हा ठरवणारं ३७७ कलम परत बसवलं, ते सुटलं २०१८ला. तेलुगूवाल्यांनी 'हंट'मध्ये हे प्रेम ठेवलं. आणि सगळं मोकळं झाल्यावर, २०२५ला, हिंदीवाल्यांनी कापलं!"

"गल्ल्याला भ्याले असतील. पण शालन, मला तुझं मल्याळमबी पटंना. पुरुषावर जीव लावला तो खुनीच का? आमच्या ह्यांची उमर खात्यात गेली. असली माणसं तिथंबी होती. ड्युटी चोख, तोंडाला कुलूप. घरच्यांनी लग्नं लावली, त्यात बायकांची फरफट."

"त्याच्यावर 'बधाई दो' हाय, २०२२चा, हर्षवर्धन कुलकर्णींचा. राजकुमार राव डेहराडूनचा पोलीस, भूमी पेडणेकर पीटीची बाई. त्याला पुरुष आवडतो, तिला बाई. घरच्यांची कटकट मिटावी म्हणून दोघं एकमेकांशी लग्न करतात."

"खूनबिन?"

"कुठला! हसवतोय, मधेच रडवतोय."

"मग माझा अजून निघायचाच हाय म्हण. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात काढा की एखादा. खून पायजे, तपास पायजे, फौजदाराचा जीव एका पुरुषावर पायजे. आणि खून तिसऱ्यानंच केलेला."

"कुणी, काकी?"

"आत्ताच सांगितलं तर तिकीट काढशील व्हय तू?"