पेटी भिंतीवर, चावी कपाटात

नॉर्वे या देशाची मला अलीकडे फार दया येते. तेल आहे, मासळी आहे, दरवर्षी शांततेचं नोबेल वाटायचा मान आहे; पण १९८३ साली या मंडळींनी स्वतःच्या पायावर असा काही धोंडा पाडून घेतला की विचारता सोय नाही. आदल्या वर्षाच्या अखेरीला तिथे उत्तरेकडच्या भागात तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या होत्या. सोबतच्या मुलांकडून होणारा छळ हे त्यामागचं कारण असावं, असं पुढे आलं. अशा वेळी समंजस सरकारनं समिती नेमायची असते, समितीला मुदतवाढ द्यायची असते आणि लोकांचं लक्ष क्रिकेटकडे वळेपर्यंत कळ काढायची असते. नॉर्वेत बहुधा क्रिकेट नसल्यामुळे घोटाळा झाला. तिथल्या शिक्षण खात्यानं देशभर मोहीम उघडली आणि डॅन ओल्वेउस नावाच्या मानसशास्त्रज्ञाची प्रश्नावली थेट पोरांच्या हातात दिली. नाव लिहायचं नाही. तुला कोणी त्रास देतं का, किती वेळा देतं, तू कोणाला देतोस का, एवढंच सांगायचं. सुमारे १५ टक्के मुलं यात गुंतलेली निघाली. कोणी मार खाणारी, कोणी देणारी, काही दोन्हीकडे.

१५ टक्के! आणि हे त्यांनी छापलं. आज चाळीस वर्षं झाली तरी जगातला प्रत्येक अभ्यासक नॉर्वेचं उदाहरण देतो. एवढी नाचक्की कोणी हौसेनं ओढवून घेतं का?

आमच्याकडे बघा. परवा भाच्याच्या बोनाफाईडसाठी एका शाळेच्या कार्यालयात बसलो होतो. गाव सांगत नाही, शाळा सांगत नाही. जिल्ह्याच्या नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलंत तरी चालेल. क्लार्कच्या टेबलावर विद्यार्थी सुरक्षेची फाईल उघडी पडली होती. प्राप्त तक्रारी : निरंक. निकाली काढलेल्या तक्रारी : निरंक. प्रलंबित तक्रारी : निरंक. शेरा : शाळेत खेळीमेळीचे वातावरण आहे. जूनपासून पुढे पानं उलटत गेलो, तर सगळीकडे तेच सुंदर, वळणदार अक्षर. फेब्रुवारीचंही पान भरलेलं होतं. आम्ही डिसेंबरात होतो.

‘‘साहेबांना निवडणुकीची ड्युटी लागली तर? म्हणून आधीच सह्या घेऊन ठेवल्या,’’ क्लार्क म्हणाले. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

तक्रार पेटी कुठे आहे, असं मी विचारलं. कार्यालयाच्या बाहेर, मुख्याध्यापकांच्या केबिनचं दार आणि शिक्षकांची खोली यांच्या बरोबर मधोमध, पत्र्याची, लाल रंगाची. पेंटरनं वर ‘तक्रार पेठी’ असं लिहिलं होतं, त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या वारासारखं वाटत होतं. पेटीच्या नेमकं डोक्यावर सीसीटीव्ही कॅमेरा. आता हे जरा समजून घेण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले, त्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं, आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले तेव्हा कुठे व्यवस्थेला जाग आली. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला : महिन्याभरात कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती. सखी सावित्री समिती स्थापन करायचा आदेश खरं तर २०२२ चा; पण काही आदेश दुसऱ्यांदा काढल्यावरच पहिल्यांदा पोहोचतात. तर कॅमेरा आणि पेटी दोन्ही बसवल्याचे फोटो पाठवायचे होते. संस्थेनं काटकसर करून एकाच फोटोत दोन्ही उरकलं.

परिणामी शाळेतला कॅमेरा जिन्याच्या वळणावर नाही, सायकल स्टँडच्या मागे नाही, स्वच्छतागृहाच्या बाहेरच्या बोळात नाही. तो फक्त पेटीत चिठ्ठी कोण टाकतं ते बघतो. चित्रण मात्र एकदम स्वच्छ येतं, रंगीत.

पेटीची चावी मोठ्या कपाटात होती. मोठ्या कपाटाची चावी आधीच्या मुख्याध्यापकांकडे होती. ते मे महिन्यात सेवानिवृत्त होऊन मुलाकडे हडपसरला राहायला गेले, ते चावीसकट. पण दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी तपासणीला येणार होते, त्यामुळे पेटी उघडणं भाग होतं. शिपाईमामांनी एक दगड आणला आणि दोन घावांत महाराष्ट्रातल्या तक्रार निवारण यंत्रणेचं कुलूप तुटलं.

आत चॉकलेटचे कागद होते, एक करकटक निघाला, आणि चिठ्ठ्या. मुख्याध्यापकांनी त्या टेबलावर मांडल्या. मी बोनाफाईडच्या आशेनं तिथेच रेंगाळत होतो.

‘रोज माझा डबा खातात. फक्त भेंडी असली की ठेवतात.’

‘मला सगळे ढापण्या म्हणतात. सर पण.’

‘ग्रूपवर माझ्या फोटोचा स्टिकर बनवलाय तो काढायला सांगा.’

‘मुलींच्या बाथरूमला कडी नाही. मोठी मुलं दार ढकलून पळतात.’

‘हे मी लिहिलं ते कोणाला सांगू नका. ७ वी ब, रोल नंबर २३, पहिला बाक.’

सरांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि ‘बाथरूम’ खोडून ‘स्वच्छतागृह’ केलं. ‘ग्रूप’मधला दीर्घ ऊकार ऱ्हस्व केला. मग म्हणाले, ‘‘भाषेची काय दशा झाली आहे बघा.’’ यानंतर त्यांनी तातडीची कारवाई केली. मला वाटलं, सुताराला कडी बसवायला बोलावतील. त्यांनी मराठीच्या बाईंना बोलावलं. अक्षर ओळखायला.

बाई पट्टीच्या. चार मिनिटांत चार अक्षरं ओळखली. पाचव्याची गरज नव्हती, त्यानं पत्ताच दिला होता. ढापण्यावाल्या चिठ्ठीत ‘सर पण’ हे कोणते सर, हा प्रश्न मात्र कोणी काढला नाही. तेवढा संयम अनुभवानं येतो. वर्गात मुलाच्या नावाआधी त्याचं व्यंग पुकारणं ही आमच्याकडे शिकवण्याची पद्धत समजली जाते. आणि केवळ व्यंगच कशाला? ‘‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’’ अशी भर वर्गात हाक मारली, की कोणाची जात कोणती ते चाळीस पोरांना एका तासात पाठ होतं. भूगोल वर्षभर शिकवून एवढा पक्का होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांतून आलेली पोरं मोठ्या शाळेत ‘आरटीईवाले’ म्हणून ओळखली जातात, ती याच शास्त्रशुद्ध मार्गानं. त्याच कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करतं. २००९ चा कायदा आहे. अजून नवा आहे, पोहोचेल हळूहळू.

मी उगाच शहाणपणा दाखवायचा म्हणून म्हटलं, ‘‘सर, रॅगिंगविरोधी कायदासुद्धा आहे ना राज्यात?’’

‘‘ते कॉलेजात असतं हो,’’ सर म्हणाले.

महाराष्ट्राचा हा कायदा १९९९ चा. शिक्षण देणारी कोणत्याही नावाची संस्था त्यात येते. वसतिगृह येतं, अनाथालय येतं, खासगी शिकवणीसुद्धा येते. शाळा तेवढी त्यात येत नाही, असा शाळेचा समज आहे. तक्रार आल्यावर प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. छळ सिद्ध झाला तर करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. प्रमुखानं कानाडोळा केला तर त्यानं गुन्ह्याला अपप्रेरणा दिली असं धरायचं. दार ढकलण्याचा प्रकार लैंगिक छळापर्यंत जात असेल, तर मामला पॉक्सोपर्यंत जातो. तिथे माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा, आणि संस्थाचालकाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सगळे कायदे एकत्र वाचले तर त्यांचा रोख एकच दिसतो : तक्रार येणं हा गुन्हा नव्हे, ती दाबणं हा गुन्हा. आमच्या शाळांनी हे वाक्य फक्त उलटं वाचलं आहे. ज्या शाळेची पेटी भरलेली, तिथल्या पोरांचा मोठ्यांवर थोडाफार विश्वास शिल्लक आहे असं समजायचं, की त्या शाळेची पत गेली असं? आमचं उत्तर ठरलेलं आहे. पत गेली तर प्रवेश घटतात, प्रवेश घटले तर तुकड्या तुटतात, तुकड्या तुटल्या तर शिक्षक अतिरिक्त ठरतात. एका डब्यापायी तीन शिक्षक गडचिरोलीला गेले तर जबाबदार कोण?

दुपारी डबेवाल्या मुलाच्या आईला बोलावून घेतलं. ती कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. केबिनमध्ये संस्थेचे चेअरमनही हजर. ज्या मुलाचं नाव निघालं होतं, त्याच्या वडिलांनी शाळेला थंड पाण्याचा प्लांट दिला आहे. वर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. प्लांट बंद असला तरी पाटी चालू असते.

‘‘बसा ताई,’’ सर म्हणाले. ‘‘तुमच्या मुलाचं अक्षर फार छान आहे.’’

‘‘तो उपाशी येतो घरी,’’ ती म्हणाली. ‘‘दोन महिने मला सांगत होता की डबा पुरत नाही. मी आपली पोळ्या वाढवत गेले.’’

‘‘मुलं आहेत, मस्करी होतच असते,’’ चेअरमन म्हणाले. ‘‘आम्ही नाही का मार खाऊन मोठे झालो?’’ ते मोठे झाले आहेत याबद्दल केबिनमध्ये दुमत नव्हतं. खुर्चीत जेमतेम मावत होते.

‘‘तो जरा दांडगट आहे, पण मनानं निर्मळ,’’ सरांनी पुस्ती जोडली. मग चिठ्ठी पुन्हा नीट वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘‘ताई, उपाय तर तुमच्या मुलानंच लिहिलाय. रोज भेंडी देत चला ना!’’

ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, ‘‘त्या मुलाला काय समज दिली ते लेखी द्या.’’ यावर दोघंही दुखावले. इतकं आपुलकीनं बोलल्यावर माणूस कागद मागतो? शेवटी तोडगा निघाला : तिच्या मुलाला दुसऱ्या तुकडीत हलवायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं पूर्वी नुसतं म्हणायचे. आता त्याचा हजेरीपट असतो.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठानं ‘किवा’ नावाचा एक कार्यक्रम तयार केला आहे. त्यात त्यांनी मारणाऱ्या आणि मार खाणाऱ्या पोरांपेक्षा भोवतीच्या बघ्यांवर जास्त मेहनत घेतली. बघे हसले की दादाला चेव येतो, बघे पाठीशी उभे राहिले की दादाचा खेळ मोडतो, असं त्यांचं म्हणणं. बिचाऱ्यांना एवढ्यासाठी विद्यापीठ लागलं. आम्ही बघ्यांचा प्रश्न बालवाडीतच सोडवतो : हाताची घडी, तोंडावर बोट. दहा वर्षं रोज हा सराव झाला, की शेजारच्या बाकावर काहीही चालू असो, घडी सुटत नाही. पुढे रेल्वेच्या डब्यात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्येही हे शिक्षण उपयोगी पडतं. शाळा आयुष्याला पुरणारं काही शिकवत नाही असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

विस्तार अधिकारी दुसऱ्या दिवशी आले, पेटीसमोर उभं राहून फोटो काढला, फाईल पाहून प्रसन्न झाले. नवं कुलूप लागलं होतं. पण संस्थेनं या प्रकरणापासून धडा घेतला होता. कोणीही उठतं आणि चिठ्ठी टाकतं, याला काही शिस्त हवी. त्याच संध्याकाळी सभेत ठराव झाला आणि तक्रारीचा विहित नमुना मंजूर करण्यात आला. भाच्याचा बोनाफाईड अजून व्हायचा होता, त्यामुळे त्याची झेरॉक्स मला बघायला मिळाली.

अर्ज दोन प्रतींत. वेळ : कार्यालयीन कामकाजाच्या दिवशी, मधली सुट्टी सोडून. (त्रास मधल्या सुट्टीतच होतो, ही बाब सभेत कोणाच्या लक्षात आली नाही असं मला वाटत नाही.) सोबत ओळखपत्राची प्रत, पालकाची सही, वर्गशिक्षकांची शिफारस, मागील वर्षाची शंभर टक्के फी भरल्याची पावती. दोन साक्षीदार, शक्यतो हुशार विद्यार्थी. आणि सर्वांत खाली, ठळक टाइपात : ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची आहे, त्या विद्यार्थ्याचा ना हरकत दाखला.

विस्तार अधिकाऱ्यांना नमुना इतका आवडला, की तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पाठवा म्हणाले. फक्त एक शंका त्यांनी काढली : दाखल्यावर मुलाची सही चालेल, की वडिलांची लागेल? सज्ञान नाही ना तो. चेअरमन म्हणाले, वडील कामात असतात, मुलाची चालवून घेऊ.

ती बाई जिद्दीची निघाली. तिनं आठवडाभर खेपा घातल्या, पावती शोधली, शिफारस मिळवली, साक्षीदारांच्या आयांच्या विनवण्या केल्या. राहिला फक्त ना हरकत दाखला. तो आणायला पोरगा स्वतः सायकल स्टँडच्या मागे गेला.

सही मिळाली. सात दिवसांच्या डब्यावर. भेंडी चालणार नाही, असं दाखल्यातच लिहून घेतलंय.